व्याह्यांचा कंदिल्या

काळजी करायचं काम जर देवाने एकाच माणसाकडे सोपवायचं ठरवलं असतं, तर त्याने आमच्या व्याह्यांना बोलावून घेतलं असतं आणि बाकीच्यांना सांगितलं असतं, की तुम्ही आता जेवून निवांत झोपा. माझी धाकटी लेक ओतूरजवळच्या एका वाडीत दिली आहे, तिचे हे सासरे. मी शिनोलीची, चौथीपर्यंत शिकलेली. मला आयुष्यात काळजी करायला सवडच मिळाली नाही, त्यामुळे हा माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मला आजारी वाटला. लग्नाच्या दिवशी मांडवात येऊन त्यांनी मला विचारलं, "इहीणबाई, ह्यो खांब पडला तर?" मी म्हटलं, "पडला तर उचलू." ते त्या खांबाला हात लावून जे उभे राहिले ते लग्न लागेपर्यंत हलले नाहीत. अक्षताही त्यांनी एका हाताने टाकल्या. लेकीच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरा-नवरी मधोमध आहेत आणि कडेला व्याही खांब धरून आहेत. खांब पडला नाही. तो आपल्यामुळेच पडला नाही, असं ते अजून समजतात.

त्यांच्या काळजीला लहानमोठं कळत नाही. एसटीत बसले की आधी कंडक्टरला विचारणार, "मास्तर, डायव्हरसाहेब जेवलेत ना?" घराला कुलूप लावलं की मोबाइलवर कुलपाचा फोटो काढणार. स्टँडवर पोचल्यावर तो फोटो उघडून बघणार, जरा हुश्श करणार, आणि मग हा फोटो आजचा की कालचा म्हणून परत घाबरणार. आमच्या भागात उसात बिबटे आहेत. तिन्हीसांजेला शेतात जाताना माणसं मोबाइलवर मोठ्यांदा गाणी लावतात, म्हणजे बिबट्या बाजूला होतो. व्याही गाणी लावत नाहीत. ते टुंई टुंई टँव, टुंई टुंई टँव असा एक आवाज लावतात. तो ऐकून दाढ दुखायला लागते. मी विचारलं तर म्हणाले, "बिबट्याला गान्याची सवं झालीय. ह्यो आवाज त्यानं कवा ऐकल्याला न्हाई." चुलीपाशी बसलेली माझी विहीण म्हणाली, "मी ऐकलाय. त्यापरीस बिबट्या परवडला."

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, ती पुढे लागणार आहे. व्याह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणजे ते बोलतात, पण बोलताना त्यांचा हात आपोआप वर जातो आणि डोक्यावरची टोपी हातात येते. माझ्या लेकीने सासरी पहिल्यांदा आमटी केली आणि हातून मीठ जास्त पडलं. "मामंजी, कशी झाली?" म्हणून तिने विचारलं. व्याह्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "झकास." जेवणाऱ्या सगळ्यांनी ताटातल्या वाट्या गुपचूप बाजूला सारल्या. घराला हे माहीत आहे, आळीला माहीत आहे, सोसायटीच्या शिपायालाही माहीत आहे. माहीत नाही ते फक्त व्याह्यांना, आणि त्यांना ते सांगायचं नाही असं सगळ्या वाडीने न बोलता ठरवलेलं आहे.

तर त्या टुंई टुंई टँवची गोष्ट. तरुणपणी व्याह्यांनी ओतूरच्या स्टँडसमोर एक गाळा घेऊन त्यात व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. कपाटाएवढ्या लाकडी पेट्या, वर काचेत हलतं चित्र, खाली एक दांडी आणि दोन बटणं. नाणं टाकायचं आणि खेळायचं. पेट्या पुष्कळ होत्या, पण पोरं झुंबड करायची ती एकीपाशीच. तिच्यातल्या माणसाचं इंग्रजी नाव पेटीवर रंगवलेलं होतं. ते कुणी वाचलं नाही. त्याच्या हातात कंदील होता म्हणून पोरांनी त्याला कंदिल्या म्हटलं. कंदिल्या खाणीत उतरायचा, की पेटीतून टुंई टुंई टँव सुरू. शिड्या, वटवाघळं, वरून पडणारे धोंडे. तोवर कंदिलातलं तेल कमी कमी होत जायचं, आणि तेल संपलं की अंधार, की कंदिल्या मेला. पुढे एक विहीर लागायची, तिच्यात उडी मारून तेलाची बाटली घ्यायची आणि पलीकडे निघायचं. त्याच्याही पुढे म्हणे एक बंद दार होतं, फटींतून उजेड येणारं. त्याला पोरं दिव्याचं दार म्हणायची. विहिरीतून वर आलं की ते लांबवर दिसायचं, आणि तिथेच तेल संपायचं. व्याही मला कितीदा म्हणाले आहेत, "इहीणबाई, त्या दारापतुर ओतुरात एक मानूस पोचला न्हाई. मी दुकानाचा मालक, मी बी न्हाई." हे सांगताना टोपी डोक्यावर असते.

असल्या माणसाने असलं दुकान का काढलं, हे मला कळत नाही. पोरं मजा करायची आणि हे मागे उभं राहून हात चोळायचे. "आरं तेल बघ, तेल! वटवाघूळ आलं, वर बघ!" कंदिल्या मेला की पोरं हसायची आणि व्याही खाली बसायचे. शाळेच्या वेळेला पोरगं आलं तर त्याचीही काळजी. "आज शाळा न्हाई का रं?" पोरगं म्हणायचं, सुट्टी आहे. ह्यांना ते खरं वाटायचं. सगळ्या आयांना मात्र वाटायचं, की हा मुद्दाम पोरं नासवतो. ओतूरच्या आठवडी बाजारात बायका ह्यांना तोंडावर शिव्या द्यायच्या, आणि हे भाजीची पिशवी छातीशी धरून ऐकून घ्यायचे.

त्यात सगळ्यांत पुढे वरच्या आळीची आक्का. नवरा गेला तेव्हा तिचा संतू पाळण्यात होता. एकटीने वाढवलेला पोरगा, तो सारखा त्या पेटीपाशी. आक्का हातात चिंचेचा फोक घेऊन वाडीवरून ओतूरला चालत यायची आणि संतूला कानाला धरून न्यायची. दुसऱ्या दिवशी संतू परत हजर. पुढे मोबाइल आले, दुकान बसलं. संतू दुधाच्या टेम्पोवर लागला, आणि एका पहाटे आळेफाट्याकडे जाताना टेम्पो उलटला, त्यात तो गेला. व्याही भेटायला गेले, तेव्हा आक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "माझं प्वार माझ्यापाशी कमी आन तुझ्या खोक्यापाशी जास्त बसलं." तेव्हापासून तिने ह्यांच्याशी एक शब्द बोललेला नाही. समोरून आले तर ती रस्ता ओलांडते. दुकानातल्या बाकीच्या पेट्या व्याह्यांनी काढून टाकल्या. कंदिल्याची तेवढी घरी आणली. तिची काच केव्हाच विझली आहे. कांदे साठवायच्या बराकीत ती कोपऱ्यात उभी असते, पोत्याने झाकलेली, आणि कांदा निवडता निवडता व्याही मधेच उठून तिची दांडी डावी-उजवीकडे करून बघतात.

आता सिनेमांकडे येते. जुन्या व्हिडिओ गेमवरून सिनेमे काढतात, हे मला व्याह्यांमुळे कळलं. असला सिनेमा आला, की हे घाबरत घाबरत बघायला जायचे आणि ताप घेऊन परत यायचे. गाड्यांच्या शर्यतीचा एक होता. त्यावर ह्यांची तक्रार अशी, की गाडी एकदाही भिंतीला आपटून परत पहिल्यापासून निघाली नाही. मारामारीचा एक होता. त्यात मारामारी थोडी आणि बसून बोलणंच जास्त. "बसून बोलायचं व्हतं तर पेटीत नाणं कशाला टाकलं असतं आमी?" एक जनावराचा आला, तो वाडीतल्या पोरांना फार आवडला, सगळी हसत घरी आली. तेव्हा हे कबूल झाले, की असला सिनेमा चांगला निघूच शकत नाही असं नाही. पण ह्यांचं म्हणणं असं होतं, "खेळात भ्यायचं आपुन असतं, इहीणबाई. दांडी आपल्या हातात असती. पिच्चरमधी दुसराच भितो, आन आपुन लाह्या खातो." मला त्या वेळी हे सगळं रिकामपणाचं वाटलं. आता तेवढं वाटत नाही.

मग एके दिवशी माझ्या लेकीचा फोन आला. "आई, मामंजींच्या कंदिल्याचा पिच्चर आलाय. परदेशातल्या लोकांनी काढलाय, हिंदीत बोलता केलाय. मामंजी जेवंना झालेत." मी म्हटलं, "मग नेऊन दाखव." ती म्हणाली, "जात न्हाईत ना! म्हणत्यात, वाईट निघाला तर?"

आणि हा सिनेमा न बघता ह्या माणसाने काय करून ठेवलं ते ऐका. चैत्रात वाडीची जत्रा असते. पहिल्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रा आणि दुसऱ्या दिवशी नारायणगावातून ठरवून आणलेला तमाशा, अशी रीत. ह्या खेपेला ऑर्केस्ट्रावाल्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं. देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. कुणी काही म्हणे, कुणी काही. व्याही बैठकीत कधी बोलत नाहीत, बोलले तर मांडवाला आग लागली तर काय एवढंच विचारतात. ते उभे राहिले आणि म्हणाले, "पिच्चर आणू. आपल्या कंदिल्याचा." बैठकीत निम्मे गडी तेच होते, शाळा बुडवून त्या पेटीपाशी वाढलेले. आता कुणाची द्राक्षं, कुणाचे टोमॅटो, पोटं सुटलेली. त्यांनी एकच गलका केला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "त्यात गवळण हाय का?" दुसऱ्याने विचारलं, "वग कंचा?" व्याही म्हणाले, "वग हाय. खाणीचा." झालं, ठरलं. गावोगाव जत्रेत पडदा लावणारा एक तंबूवाला गाठला आणि तमाशाच्या फडाला देतात तसा नारळ आणि सुपारी त्याच्या हातात दिली. सुपारी दिली की शब्द फिरवता येत नाही. घरी आल्यावर व्याह्यांच्या ध्यानात आलं, की आपण जो सिनेमा सगळ्या गावाला दाखवणार आहोत तो चांगला आहे की वाईट, हे आपल्याला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ते शिनोलीला माझ्या दारात. पाणी दिलं ते हातात धरून बसले. "इहीणबाई, तुमाला खेळातलं काय बी कळत न्हाई. आन तुमी तोंडावर बोलता. तवा तुमी चला. तुमी बघून सांगा चांगला हाय का." मी म्हटलं, "पावणं, हसतील लोक आपल्याला. व्याही-विहीण पिच्चरला चालले म्हणून." ते म्हणाले, "घरच्या मंडळींना मधी बसवतो." मग जरा थांबून म्हणाले, "वरल्या आळीची आक्का जत्रेला पुढं बसती. दर साली बसती. पिच्चर वाईट निघाला, तर ती म्हनंल, ह्याच्यापायी माझं प्वार मला दिसलं न्हाई." त्यांच्या हातातलं पाणी सांडलं. मग मी लुगडं बदलून निघाले.

पुण्याच्या वाटेवर एका मॉलमध्ये थिएटर आहे, तिथे आम्ही तिघं गेलो. सरकत्या जिन्यापाशीच व्याही अडले, कारण तो मधे थांबला तर काय, आणि थांबला नाही तर काय. शेवटी विहिणीने त्यांना मागून ढकललं. आत ती आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली, आणि दिवे गेल्याबरोबर झोपली.

सिनेमा असा होता. पेटीतला कंदिल्या, व्याही सांगतात त्याप्रमाणे, कधी बोलत नसे. हा कंदिल्या तोंड मिटायला तयार नव्हता. वटवाघळं आली की विनोद करी, धोंडा पडला की विनोद करी. त्याला एक मैत्रीण दिली होती, ती त्याच्याहून जास्त बोलायची. विहिरीत त्याने पहिल्याच फटक्यात उडी मारली आणि वरही आला. व्याही खुर्चीच्या दांड्या दाबून बसले होते आणि पुटपुटत होते, "आमचा ह्या विहिरीत मरून मरून शिकला." शेवटी एकदाचं ते दिव्याचं दार पडद्यावर आलं. त्याबरोबर व्याह्यांनी टोपी तोंडावर ओढली. दार उघडलं, आतला उजेड सगळ्या थिएटरात पसरला, गाणं झालं, रडारड झाली. "झालं का?" टोपीतून आवाज आला. मी म्हटलं, "झालं. आत कोण होतं सांगू का?" "नगं! सांगू नगा. मी पोचलो न्हाई तिथं." मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. आत कंदिल्याचा बाप बसलेला होता. कंदिल्या तान्हा असतानाच मेलेला बाप, पांढऱ्या कपड्यांत, पोराची वाट बघत. मला ते अगदीच खोटं वाटलं. मेलेली माणसं खाणीत कशाला बसतील?

परतीच्या एसटीत खेड गेलं तरी ते काही विचारेनात. कंडक्टरलाही डायव्हरच्या जेवणाचं विचारलं नाही, तेव्हा मीच समजले. "विचारा की, पावणं." ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "चांगला हाय का?"

"नाही."

"लई वाईट?"

"लई न्हाई. पोरं बघतील. पण त्याच्या कंदिलात तेल किती राहिलंय ते एकदा बी दाखवलं न्हाई. लहानपणी आमच्या घरात एकच चिमणी. रॉकेल संपंल म्हणून आई वात बारीक करायची, आन आमी पटापटा जेवायचो. तेल संपायची काळजीच न्हाई, तर तो खाणीत उतरला काय आन सोप्यात झोपाळ्यावर बसला काय, सारखंच."

व्याही सबंध वळून माझ्याकडे बघायला लागले. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. "तेल! मी ह्येच म्हनतो, इहीणबाई! तेल पाहिजे!" ते शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगायला लागले, की तेल पाहिजे. एरवी मंचर येईपर्यंत जे हसू टिकलं नसतं ते नारायणगाव येईपर्यंत टिकलं, आणि मग एकदम मावळलं. "आन आता गावाला काय दाखवू?"

गावाने तर दुसऱ्या दिवशी सकाळीच गाठलं. दूध घालायला गेले, तिथे सगळे जुने गडी उभे. "काय राव, बघून आला म्हनं? कसा हाय आपला कंदिल्या?" व्याह्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "एक नंबर." माझी लेक सांगत होती, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि एकजण म्हणाला, "बरं बरं. आपलाच हाय, गोड मानून घिऊ." म्हणजे सिनेमा वाईट आहे हे जत्रेच्या आधी सगळ्या वाडीला कळलं होतं, आणि कळलं आहे हे व्याह्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं.

जत्रेच्या दिवशी मी लेकीकडे होते. व्याही सकाळपासून चार माणसांची कामं बिघडवत होते. पडद्याचे बांबू हलवून बघ, जनरेटरचं डिझेल बघ, आकाशात ढग बघ. दिवेलागणीला सगळी वाडी पटांगणात आली. पुढे पोरं, मग बायका. बायकांच्या पहिल्या ओळीत आक्का, गुडघ्याला हाताची मिठी घालून. गडी मागे उभे. व्याही जनरेटरपाशी अंधारात, आणि मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून, कारण लेक म्हणाली, आई, मामंजींकडे लक्ष ठेव.

सिनेमा सुरू झाला. पोरं हसली. कंदिल्या बोलतच राहिला आणि मागच्या गड्यांत चुळबूळ सुरू झाली. "आयला, ह्यो लईच बडबडतो की." "आपला मुका व्हता." व्याह्यांनी डोळे मिटले. दोघं-तिघं तमाखू मळत बाहेरच्या बाजूला सरकले. मला वाटलं, आता संपलं. उद्या माझ्या लेकीला पाणवठ्यावर ऐकावं लागणार, तुझ्या सासऱ्याचा पिच्चर पडला म्हणून.

तेवढ्यात पडद्यावर वटवाघळं आली. मागून कुणीतरी ओरडलं, "वर बघ! वर!" दुसरा ओरडला, "शिडी धर, डावीकडं!" ह्या लोकांना पेटीमागे गर्दी करून खेळणाऱ्याला सांगायची सवय. ती अंगात राहिली होती. मग सगळेच सुरू झाले. द्राक्षवाले, टोमॅटोवाले, सोसायटीचे चेअरमन. "धोंडा! आरं धोंडा!" "तेल बघ लेका, तेल!" पडद्यावरचा तर आपल्याच नादात, विनोद करत चाललेला, ह्यांना त्याची पर्वा नव्हती. हे आपला खेळ खेळत होते. विहीर आली तेव्हा सगळं पटांगण एका आवाजात, "मार उडी!" आणि त्याने मारली. तमाशात नाचणारीला आवडीने बक्षीस देतात आणि देणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारतात, ती आमच्याकडची पद्धत. एका गड्याने माईकवाल्याच्या हातात नोट ठेवली. माईकवाल्याने, दुसरं काय करणार, पुकारलं, "विहिरीतल्या उडीबद्दल कंदिल्याला वरल्या आळीच्या मित्रमंडळाकडून बक्षीस!" की लागली रीघ. "ओतूर स्टँडच्या जुन्या गड्यांकडून कंदिल्याला बक्षीस! शाळा बुडव्या मंडळाकडून बक्षीस!" कंदिल्या पडद्यातून उतरून घ्यायला येणार नव्हता, म्हणून माईकवाला प्रत्येक नोट आणून व्याह्यांच्या हातात देऊ लागला. ते ती घेत होते आणि मला विचारत होते, "इहीणबाई, हे चिडलेत का?"

मी उत्तर देणार, तोवर आक्का उठली. तिला उठताना बघून बायकांनी वाट दिली. ती काठी टेकत आली ती सरळ जनरेटरकडे. व्याह्यांच्या हातातल्या नोटा खाली पडल्या. त्यांच्या मागे जनरेटर होता, नाहीतर ते मागे सरकले असते. आक्का समोर येऊन उभी राहिली. मागच्या लोकांचा आवाजही खाली आला.

"ह्यो त्यो व्हय?" तिने पडद्याकडे काठी केली. "संतू झोपंत वर्डायचा. तेल बघ, तेल बघ."

"व्हय आक्का. ह्योच."

"माझं प्वार ह्याच्यात कुटवर गेलं व्हतं?"

व्याह्यांचा हात वर गेला आणि टोपी हातात आली. "दारापतुर, आक्का. समद्या ओतुरात त्यो एकलाच पोचला."

आक्काने त्या टोपीकडे बघितलं. आळीला माहीत असलेली गोष्ट आक्काला माहीत नसेल असं कसं होईल? मग म्हणाली, "टोपी घाल. वारं सुटलंय."

इतक्या वर्षांनी तिने ह्या माणसाशी बोललेला हा पहिला धड शब्द. ह्यांनी टोपी उलटी घातली. आक्का परत जागेवर गेली नाही, तिथेच काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली, कारण तेवढ्यात पडद्यावर दिव्याचं दार आलं होतं. मी खुर्ची देऊ केली, तिने हाताने नको म्हटलं. व्याह्यांनी ह्या वेळी टोपी तोंडावर ओढली नाही. ते पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि आक्काकडे बघत राहिले. दार उघडलं. पांढरा उजेड आक्काच्या तोंडावर पडला. आत पोराची वाट बघत बाप बसला होता, आणि पोरगं त्याच्याकडे चाललं होतं. पटांगणात कुणी ओरडलं नाही. आक्का डोळे पुसत नव्हती, नुसती बघत होती, लेक-जावई घरी पोचल्याचा फोन आल्यावर माणूस जसं बसतं, तशी.

मला तो बाप थिएटरात खोटा वाटला होता. अजूनही खोटाच वाटतो. असले सिनेमे चांगले असतात का, म्हणून मला कुणी विचारलं, तर मी सांगीन की तेल दाखवत नाहीत तोवर नाहीत. पण त्या संध्याकाळी हा सिनेमा मी वाईट म्हणू शकले नाही, आणि व्याह्यांनी मला विचारलंही नाही.

आता आक्का त्यांना पाहून रस्ता ओलांडत नाही. फारसं बोलतही नाही. कधी बराकीवरून जाताना थांबते, "झाकून ठिवलाय ना?" म्हणून विचारते, आणि पुढे जाते. व्याही आता त्याही काळजीत असतात, की पोतं वाऱ्याने उडालं तर. दारामागे काय आहे हे त्यांना अजून माहीत नाही. वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल, पण कुणी सांगत नाही. मागच्या पंधरवड्यात मी गेले होते, तेव्हा संध्याकाळी बराकीत ते त्या विझलेल्या काचेपुढे उभे होते, दांडी धरून. माझी चाहूल लागली तशी म्हणाले, "इहीणबाई, आत जे काय हाय, ते चांगलं हाय ना?"

माझ्या डोक्यावर टोपी नसते. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "चांगलं हाय."